‘अॅक्वायर’, ‘संपादणे’ आणि ‘जाणे’ : मावळातील भूव्यवहाराचे व्याकरण

शब्दाचा इतिहास म्हणजे केवळ व्युत्पत्तीचा इतिहास नव्हे. एखादे क्रियापद ज्या वाक्यरचनेत स्थिरावते, ती रचना कोणाला कर्तेपण देते आणि कोणाला वाक्याबाहेर ठेवते, हाही त्या शब्दाच्या इतिहासाचाच भाग असतो. इंग्रजीतील ‘अॅक्वायर’ हे क्रियापद या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ब्रिटिश राजवटीत ते कायद्याच्या द्वारे आपल्याकडे आले, मराठीत त्याला ‘संपादणे’ हा प्रतिष्ठित पर्याय मिळाला, आणि लोणावळ्याच्या तलावांपासून मुळशी व पवनेच्या खोऱ्यांपर्यंत, म्हणजे जुन्या मावळ मुलखात, त्याने गेल्या शतकात माणसांचे भूमीशी असलेले नाते बदलून टाकले. हे क्रियापद ज्या घटनेचे वर्णन करते तिच्यातील एक पक्ष ते व्याकरणाच्याच पातळीवर पुसून टाकते, असे येथे दाखवावयाचे आहे.

‘अॅक्वायर’चे मूळ लॅटिन ‘क्वेरेरे’ या धातूत आहे. त्याचा अर्थ शोधणे, मागणे. पंधराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि पुढे लॅटिन वळणाने त्याचे वर्णलेखन बदलले. याच धातूपासून ‘इन्क्वायर’ आणि ‘रिक्वायर’ निघाले. जिंकणे या अर्थाचा ‘काँकर’ हाही त्यांचाच सहोदर. सरंजामी कायद्यात ‘काँक्वेस्ट’ म्हणजे वारसाहक्काने न आलेली, स्वतः मिळविलेली मालमत्ता, याकडे ब्लॅकस्टनने अठराव्या शतकात लक्ष वेधले होते. मिळविणे आणि जिंकणे ही अशी एकाच घरातली भावंडे आहेत. त्यातील एकाच्या हाती तलवार राहिली आणि दुसऱ्याच्या हाती कागद आला.

जमिनीच्या संदर्भात इंग्रजी कायद्याजवळ दुसरे, अधिक उघडे क्रियापद होते : ‘टेक’, म्हणजे घेणे. इंग्लंडच्या १८४५ च्या कायद्यात संमतीवाचून जमीन ‘घेण्या’ची भाषा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ ची पाचवी दुरुस्तीही खाजगी मालमत्ता ‘घेतली जाण्या’विषयीच बोलते. हिंदुस्थानात मात्र कंपनी सरकारच्या १८५७ च्या सहाव्या कायद्याने आपल्या नावातच ‘अॅक्विझिशन’ हे नाम धारण केले, आणि १८७० व १८९४ च्या कायद्यांनी तेच रूढ केले. १८९४ च्या कायद्यात ‘जमीन’, ‘कंपनी’, ‘हितसंबंधी व्यक्ती’ यांच्या व्याख्या आहेत. ‘अॅक्वायर’ची व्याख्या नाही. ज्या क्रियेसाठी सारा कायदा उभा आहे तीच स्वयंस्पष्ट मानली गेली.

मराठीत या क्रियेला ‘संपादन’ म्हटले गेले. सम् उपसर्गासह पद् धातूच्या प्रयोजक रूपापासून आलेला हा शब्द सिद्धीस नेणे, पूर्णत्वास आणणे असा अर्थ घेऊन आला. संपत्ती आणि संपदा हे त्याच कुळातले शब्द. मराठीत आपण विद्या संपादतो, कीर्ती संपादतो, पुण्य संपादतो, विश्वास संपादतो. या वस्तूंचे वैशिष्ट्य असे की, एकाने त्या मिळविल्याने दुसऱ्याच्या कमी होत नाहीत. शिष्याने विद्या संपादिली म्हणून गुरू अज्ञानी होत नाही. मुलाने भाषा संपादिली म्हणून आई मुकी होत नाही. इंग्रजीतही ज्ञान, सवय, अभिरुची यांच्या बाबतीत ‘अॅक्वायर’चा वापर असाच निरुपद्रवी आहे. जमिनीची गोष्ट वेगळी. ती एकाकडे येते तेव्हा दुसऱ्याकडून गेलेलीच असते. ‘राज्य संपादणे’ हा जुना प्रयोगच काय तो या कठोर वास्तवाच्या जवळ जातो, आणि तेथे ‘काँकर’शी असलेले नाते पुन्हा डोके वर काढते. ‘सोंगसंपादणी’ या जुन्या शब्दात वेष उत्तम वठविणे हा अर्थ आहे, हेही विसरून चालणार नाही. हिंदीत कायद्याने ‘अर्जन’ आणि वृत्तपत्रांनी ‘अधिग्रहण’ पत्करले. ‘अधिग्रहणा’त निदान पकडीची खूण शिल्लक आहे, ‘संपादना’त तीही नाही.

कारकव्यवस्थेच्या परिभाषेत हे अधिक नेमके सांगता येईल. ‘काढून घेणे’ या क्रियेला अपादानाची, म्हणजे कोणापासून या प्रश्नाच्या उत्तराची, अपेक्षा असते. ‘विकत घेणे’ यातही विकणारा गृहीत असतो. जुन्या खरेदीखतात किंवा मिरासपत्रात देणारा आणि घेणारा असे दोघेही नावानिशी उभे असतात. ‘सरकारने जमीन संपादन केली’ हे वाक्य मात्र कर्ता आणि कर्म एवढ्यावरच पुरे होते. अपादानाची जागा रिकामी राहिली तरी ते व्याकरणदृष्ट्या अपूर्ण वाटत नाही. वाक्याने जे लपविले ते कायद्याला शेवटी हिशेबात मान्य करावे लागले. संपादन सक्तीचे आहे म्हणून बाजारभावावर शेकडा १५ अधिक देण्याची तरतूद १८९४ च्या कायद्यात होती. १९८४ मध्ये हा आकडा ३० झाला आणि २०१३ च्या कायद्याने १००. या ‘दिलासा रकमे’चा इतिहास म्हणजे क्रियापदातील मौनाची वाढत गेलेली किंमतच होय.

या क्रियापदाची मावळातील वाटचाल टाटांच्या जलविद्युत योजनांबरोबर स्पष्ट होते. १९११ मध्ये लोणावळ्यास पहिल्या योजनेची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून खोपोलीच्या केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पाठोपाठ आंध्रा खोऱ्यात ठोकळवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. पाऊस मावळात, वीज मुंबईत आणि पाण्याखालची जमीन कंपनीकडे, अशी ही वाटणी होती. कंपनीसाठी जमीन मिळवून देण्याची सोय १८९४ च्या कायद्याच्या सातव्या भागात होती. वाक्याचा कर्ता सरकार, पण अंतिम धनी कंपनी, असे दुहेरी कर्तेपण त्यातून निर्माण झाले.

लगतच्या मुळशीत नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण होऊ घातले तेव्हा हे मौन प्रथम मोठ्याने मोडले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सुरू झालेला मुळशी सत्याग्रह भरपाईच्या रकमेसाठी नव्हता; तो आरंभी जमीन देण्याच्या नकाराचा होता. ज्या व्यवहारात ‘देणे’ हे क्रियापदच नव्हते तेथे ‘देणार नाही’ असे म्हणणे हा राजकीय तसाच भाषिक हस्तक्षेप होता. ‘सेनापती’ ही पदवी पां. म. बापटांना या लढ्याने दिली, वि. म. भुस्कुटे हे त्यांचे सहनेते. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याच्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे, पुण्यातील सावकार-जमीनमालकांचा कल वाढीव भरपाई घेण्याकडे गेला आणि कसणारे मावळे एकाकी पडले. अपादानाची जागा भरली तेव्हाही तेथे प्रथम सातबाऱ्यातला मालक उभा राहिला, नांगरामागचा माणूस नव्हे. १९२४ अखेर लढा ओसरला आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले.

आता दुसऱ्या बाजूचे क्रियापद पाहू. ज्यांची शेते पाण्याखाली बुडाली ते ‘जमीन संपादित झाली’ असे म्हणत नाहीत. ‘आमची जमीन धरणात गेली’ असे म्हणतात. पुढे ती ‘रस्त्यात’ जाते, ‘एक्स्प्रेसवेत’ जाते. येथे गमावणारा षष्ठीत ठामपणे हजर आहे आणि गिळणारे स्थळ सप्तमीत आहे. घेणारा मात्र नाही. जमीन स्वतःच कर्ती होऊन निघून जाते. ‘धरणग्रस्त’ हा शब्दही ‘पूरग्रस्त’ व ‘दुष्काळग्रस्त’ यांच्या पंक्तीत बसून मानवी निर्णयाला दैवाचे रूप देतो. कायद्याच्या वाक्यात देणारा नाही आणि लोकांच्या वाक्यात घेणारा नाही. ही दोन अपुरी वाक्ये शंभर वर्षे एकमेकांशेजारी नांदत आहेत. संवाद होत नाही याचे एक कारण येथेही शोधावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर घटनेने हा पेच वेगळ्या रीतीने मांडला. १९५० च्या एकतिसाव्या कलमात व्यक्तीला मालमत्तेपासून ‘वंचित करणे’ आणि मालमत्ता ‘संपादन करणे’ अशा दोन्ही क्रिया होत्या. १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीने दुसरीला ‘सक्तीने’ हे क्रियाविशेषण जोडले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने हे कलम वगळले आणि ‘३०० अ’ मध्ये पहिली क्रिया तेवढी राहिली. ‘वंचित करणे’ या क्रियेचे कर्म जमीन नसून माणूस असतो. गमावणारा असा वाक्याच्या मध्यभागी आला खरा, परंतु ज्या घडीला हे झाले त्याच घडीला मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही.

९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. २०१३ च्या कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला, खाजगी कंपनीसाठी संपादन करताना बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची, तर सरकारी-खाजगी भागीदारीत ७० टक्क्यांची पूर्वसंमती आवश्यक केली. अपादानाला वाक्यात आणण्याचा हा गंभीर प्रयत्न होय. तथापि सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पांना ही अट नाही. तेथे जुने द्विपद वाक्य अजून शाबूत आहे.

समीक्षेचा या साऱ्याशी काय संबंध, असा प्रश्न येईल. नियतकालिकाचा ‘संपादक’ आणि ‘भूसंपादन अधिकारी’ हे एकाच धातूचे मानकरी आहेत, आणि विद्येच्या व्यवहारात त्या शब्दाने मिळविलेली पुण्याईच भूमीच्या व्यवहारात त्याच्या कामी आली आहे. संहितेतील मौन वाचण्याची साधने आपण कथा-कादंबऱ्यांपुरती राखून ठेवण्याचे कारण नाही. राजपत्रातील अधिसूचना हीही संहिता आहे. तिच्यातील क्रियापदाला ‘कोणापासून?’ हा साधा प्रश्न विचारणे हे तिच्या वाचनाचे पहिले पाऊल ठरेल.