चिपिंग कॅम्डन : एका बाजारगावाची साक्ष

इंग्लंडातील कॉट्सवोल्ड टेकड्यांमधील चिपिंग कॅम्डन पाहावयास जाणारा अभ्यासक बहुधा एक गृहीत मनाशी धरूनच जातो. ते असे की, येथील सारे वैभव लोकरीचे. नावातील ‘चिपिंग’ हा शब्द बाजाराचा वाचक आहे, आणि सेंट जेम्स चर्चमधील विल्यम ग्रेव्हल (मृत्यू १४०१) याच्या पितळी स्मृतिपट्टावर त्यास अखिल इंग्लंडातील लोकरव्यापाऱ्यांचे भूषण म्हटले आहे. तेवढ्यापुरते हे गृहीत खरे.

परंतु हमरस्त्यावरील कमानींचा बाजारमंडप १६२७ चा. तो बांधविणारा सर बॅप्टिस्ट हिक्स हा लंडनमधील रेशमी कापडाचा व्यापारी व राजाचा सावकार. मंडपही लोणी, चीज व कोंबड्या यांच्या विक्रीसाठी, लोकरीसाठी नव्हे! प्रवासी जिला लोकरीचे स्मारक समजतो, ती वास्तू राजधानीतील पैशाची खूण होय.

लोकरीचा इतिहास पाहावयाचा तर गावाबाहेर पडावे. ब्लॉकलीजवळील अप्टन हे खेडे मध्ययुगातच ओसाड पडून तेथे मेंढ्यांचे कुरण झाले. १९५९ ते १९६४ या काळात तेथे उत्खनन झाले. मेंढ्यांनी माणसांना हुसकले, की माणसे गेल्यावर मेंढ्या आल्या, हा प्रश्न मात्र प्रत्येक खेड्यापुरता स्वतंत्रपणेच विचारला पाहिजे; सरसकट उत्तर देण्याचा मोह अनेकांना आवरलेला नाही.

जाता जाता एक नोंद. आनंद कुमारस्वामी शेजारच्या ब्रॉड कॅम्डन येथे राहत असत. मध्ययुगीन सिंहली कलेवरील त्यांचा ग्रंथ १९०८ साली तेथेच हातछपाई यंत्रावर छापला गेला.