खामगांव : बाजार, वस्ती आणि शेजारधर्म

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवमंदिर कोणीं बांधलें, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरु येऊन सेवा करून गेले, ही माहिती वाचकांस मिळावी अशी रीत आहे, व ती योग्यच आहे. परंतु देवमंदिर रानांत उभें नसतें. त्याच्या भोंवतीं रस्ता असतो, नळ असतो, गटार असतें, शेजाऱ्याचें दार असतें. मिस्सेला येणारा भाविक याच रस्त्यानें येतो व याच नळावर पाणी भरतो. म्हणून प्रस्तुत लेखांत देवमंदिराच्या भिंतीबाहेरचा थोडा इतिहास सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील मोठी व्यापारी पेठ जें खामगांव, तें कसें वाढलें, तेथें लोकोपयोगी कामें कोणत्या क्रमानें झालीं, आणि त्या क्रमापासून आपण कोणता बोध घ्यावा, एवढाच आमचा विषय आहे.

खामगांवचा बाजार इ. स. १८२० च्या सुमारास सुरू झाला, असें जुनें सरकारी गॅझेटियर सांगतें. कांहीं व्यापाऱ्यांनीं येथें दुकानें मांडलीं. तूप, कच्चें सूत आणि थोडासा कापूस एवढाच त्यांचा माल होता. पुढें १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत दिला. त्यानंतर आठच वर्षांनीं, १८६१ सालीं, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागांतून येत असे, तो बंद पडला. तेव्हां इंग्लंडचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. कापसाचे भाव चढले, मुंबईस सट्ट्याला ऊत आला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो सट्टा कोसळून अनेकांचीं घरें बुडालीं. खामगांवची पेठ मात्र बुडाली नाहीं. तिच्या मागें सट्टा नव्हता, जमीन होती.

मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला. तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव असा गेला. खामगांव त्याच्या दक्षिणेस सुमारें आठ मैल राहिलें. एवढें अंतर बैलगाडीनें कापणें हें शेतकऱ्यास नवें नव्हतें. परंतु व्यापाऱ्यास व सरकारास तें खपेना. जलंबपासून खामगांवपर्यंत आठ मैलांचा खास फांटा सरकारी खर्चानें घालण्यांत आला, आणि मार्च १८७० मध्यें हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हे स्वतः खामगांवीं येऊन त्यांनीं तो खुला केला. एका कसब्याच्या बाजारासाठीं व्हाइसरॉयनें यावें, यावरून त्या काळीं कापसाचें वजन किती होतें तें दिसून येतें. हे खामगांव तेव्हां अकोला जिल्ह्यांत होतें. बुलढाणा जिल्ह्यांत तें १९०५ च्या फेररचनेंत आलें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कापसास आगगाडी मिळाली, वाफेवर चालणारे दाबखाने मिळाले, सडका मिळाल्या. आणि हें सर्व थोड्या वर्षांत झालें. ज्यांच्या हातांनीं तो कापूस वेंचला, रेचला व दाबला, त्यांच्या वाट्यास येणाऱ्या सुधारणा मात्र फार सावकाश आल्या.

जिनिंग कारखान्यांभोंवतीं कामकऱ्यांची वस्ती होत गेली. ओळीनें वसलेल्या अशा वस्तीस आमच्या वऱ्हाडांत ‘फैल’ म्हणतात. अकोल्यांत अकोट फैल आहे. खामगांवांत बाळापूर फैल आहे, सती फैल आहे. दिवाळीनंतर कापूस येऊं लागला कीं जिन सुरू होत. रेचणीच्या यंत्रांपुढें बहुतकरून बायकाच बसत. कापसाची धूळ नाकातोंडांत जाई, आणि हंगामाच्या भरांत दिवस व रात्र यांचा भेद राहत नसे. सरकारचा पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ सालीं झाला; पण वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यांत येत नव्हते. १८९१ च्या सुधारणेनेंही ही उणीव भरून निघाली नाहीं. जिनांचा हंगाम थोडक्या महिन्यांचा. त्यामुळें ज्या बाईस संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, तीच कायद्याबाहेर राहिली. १९०७ सालीं नेमलेल्या कमिशननें जिनांतील लांबलचक तासांकडे लक्ष वेधलें, आणि १९११ च्या कायद्यानें हंगामी कारखाने पहिल्यानें कक्षेंत आणले. म्हणजे खामगांवीं आगगाडी आल्यापासून जिनांतल्या बाईच्या तासांस कायद्याची मर्यादा पडेपर्यंत चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं. रोमहून तेराव्या लिओ पोपमहाशयांनीं कामकऱ्यांच्या स्थितीविषयीं आपलें परिपत्रक १८९१ सालींच काढलें होतें, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच.

बाजाराच्या बाबतींतही असेंच घडलें. शेतकऱ्याची गाडी पेठेंत आली कीं वजनांत खोट, दलाली, हमाली, धर्मादाय अशा अनेक नांवांनीं त्याच्या पैशाला कात्री लागे. हातावर रुमाल टाकून बोटांनीं सौदा होई. काय भाव ठरला हें ज्याचा माल त्यालाच शेवटीं कळे. या गैरप्रकारांस आळा घालण्याचा हिंदुस्थानांतला पहिला प्रयत्न आमच्याच वऱ्हाडांत, कारंजा येथें, १८८६ सालीं झाला. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, तो पुढें इतर प्रांतांस नमुना ठरला. त्यानें बाजार एका आवारांत आला व वजनांस शिस्त आली. तथापि बाजार समितींत व्यापाऱ्यांचाच वरचष्मा होता. पिकविणाऱ्याचा शब्द तेथें पोंचण्यास आणखी कैक वर्षें लागलीं.

आतां पाण्याकडे वळूं. खामगांव नदीकांठीं वसलेलें नाहीं. बाजार वाढला, माणसें वाढलीं, आणि विहिरी अपुऱ्या पडूं लागल्या. म्हणून ब्रिटिश अमदानींत गांवाजवळ जनुना येथें मोठें तळें बांधून शहराला पाणी देण्याची व्यवस्था करण्यांत आली. त्या काळीं म्युनिसिपालिटीचा कारभारही हळूहळू लोकांच्या हातीं येत होता. लॉर्ड रिपन यांनीं १८८२ सालीं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला, १८८६ सालीं वऱ्हाडासाठीं म्युनिसिपल कायदा झाला, आणि १९२२ सालीं मध्यप्रांत व वऱ्हाडासाठीं अधिक व्यापक कायदा आला. परंतु मताचा अधिकार कर भरणाऱ्यांपुरता होता. फैलांतील भाडेकरूस ना कर ना मत. त्यामुळें नळाची तोटी आधीं पेठेंत आणि मग वस्तींत, दिवा आधीं हमरस्त्यावर आणि मग गल्लींत, हा क्रम वऱ्हाडांतल्या गांवोगांवीं ठरून गेला.

या उपेक्षेची किंमत आपत्तीच्या वेळीं कळे. १८९६-९७ चा दुष्काळ, आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला म्हातारेकोतारे ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणत, यांनीं वऱ्हाडास हलवून सोडलें. पोटासाठीं माणसें दुष्काळी कामावर खडी फोडूं लागलीं. आपण आज ज्या जुन्या सडकांवरून जातों त्यांपैकीं कित्येकींच्या खालीं ती खडी आहे. मग प्लेग आला. उंदीर पडूं लागले कीं लोक घरें सोडून शेतांत झोंपड्या घालून राहत. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची सांथ आली. दाटीवाटीची ओलसर घरें, उघडीं गटारें व अपुरें पाणी जेथें होतें तेथें या रोगांनीं जास्त बळी घेतले. परंतु प्लेगाला पेठ आणि फैल यांतील सीमा ठाऊक नव्हती. फैलांतला उंदीर पेठेंतही जाई. शेजाऱ्याचें आरोग्य तें आपलेंच आरोग्य, ही गोष्ट शहरांस उपदेशानें कळली नाहीं, ती सांथीनें कळली.

सुधारणा ही केवळ सरकारनें करावयाची वस्तु नव्हे, हें ज्यांनीं वऱ्हाडास शिकविलें त्यांत संत गाडगेबाबा अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतला. १९५६ च्या डिसेंबरांत ते निवर्तले. गांवांत पाऊल टाकल्याबरोबर ते आधीं खराटा हातीं घेत आणि रस्ते झाडूं लागत, कीर्तन रात्रीं. दिवसां झाडलेल्या जागेवर रात्रीं लोक बसत, तेव्हां उपदेश अर्धा अगोदरच झालेला असे. मिळालेल्या पैशांतून त्यांनीं धर्मशाळा बांधविल्या, स्वतःसाठीं कांहीं ठेवलें नाहीं. ते आमच्या धर्ममताचे नव्हते. परंतु सेवेचें काम ओळखण्यास आम्हांस अडचण पडूं नये.

उत्सवांचेंही हेंच आहे. खामगांवांत कोजागिरीपासून जगदंबेचा उत्सव कांहीं दिवस चालतो. आषाढी वारी करून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परत येते तेव्हां तिचा मुक्काम खामगांवीं पडतो, आणि दुसऱ्या दिवशीं शेगांवपर्यंतच्या सुमारें पांच कोसांच्या वाटेनें हजारों माणसें तिच्याबरोबर पायीं चालतात. त्या दिवशीं वाटेवरचीं माणसें रस्ता झाडतात, पाण्याचे पिंप भरून ठेवतात, चहा-फराळ देतात. पुढून येणारा कोण, कोणत्या जातीचा, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या नाताळाच्या रात्रींही शेजारीपाजारी गोठा पाहण्यास येतात व मुलांच्या हातीं करंजी घेऊन जातात. असे दिवस वर्षांतून थोडे. पण त्या दिवशीं जी वस्ती झाडली जाते ती नंतरच्या दिवशीं कोण झाडतो, हाच लोकसुधारणेचा खरा प्रश्न आहे.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिति पालटली. मताचा अधिकार सर्वांस मिळाला. खामगांवीं १९४७ सालीं कॉलेज निघालें. बुलढाणा जिल्हा १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. घटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १९९३ सालीं अंमलांत येऊन नगरपालिकांत स्त्रियांसाठीं एकतृतीयांश जागा राखून ठेवण्यांत आल्या, व महाराष्ट्रांत २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. ज्या फैलांतल्या बाईस एके काळीं कायदा ओळखीत नव्हता, तिची नात आज नगरसेविका म्हणून सभेंत बसूं शकते. शहराची तहानही वाढली. आतां गेरू माटरगांवच्या ज्ञानगंगा धरणांतून खामगांवास पाणी येतें. धरण झालें म्हणून टंचाई संपली असें नव्हे. पाऊस दगा देतो त्या वर्षीं उन्हाळ्यांत नळाकडे डोळे लावून बसणें अजून सुटलेलें नाहीं.

तरीही या जिल्ह्यानें अलीकडे एक गोष्ट करून दाखविली, ती आम्हांस फार मोलाची वाटते. महामार्ग रुंद करण्यासाठीं मुरूम व माती लागते. ती कोठून तरी खणून आणावयाचीच, तर गाळानें भरलेल्या तळ्यांतून व नाल्यांतून कां आणूं नये, असा विचार पुढें आला. रस्त्यास माती मिळाली आणि तळीं खोल झालीं. यास ‘बुलढाणा पॅटर्न’ असें नांव पडलें. २०१८ सालीं भारतीय जैन संघटनेनें जिल्ह्यांत तळ्यांतला गाळ काढण्याची मोठी मोहीम हातीं घेतली. १८७० सालीं आमच्या भागांत लोहमार्ग आला तो कापूस नेण्यासाठीं. त्यानें पाणी आणलें नाहीं. या वेळीं व्यापाराची सडक बांधतांना वस्तीसाठीं पाणीही सांठलें. काम तेंच, खर्च तोच. फक्त आरंभींच कोणी तरी विचारलें कीं यांत शेजाऱ्याचा वांटा कोणता. आमच्या मतें दीडशें वर्षांच्या या इतिहासाचें सार या एका प्रश्नांत आहे.

ज्युबिली हा शब्द पवित्र शास्त्रांतून आला आहे. लेवीय पुस्तकांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्यास सांगितलें आहे. त्या वर्षीं जमिनीस विसांवा द्यावयाचा, दासांस मोकळें करावयाचें, आणि विकली गेलेली जमीन मूळ धन्यास परत करावयाची. म्हणजे ज्युबिली हा केवळ आनंदाचा दिवस नव्हे, तो हिशेब मिटविण्याचा दिवस आहे. तेव्हां ज्युबिलीच्या निमित्तानें आपण रंगरंगोटी करूं, मंडप घालूं, तें अवश्य करावें. परंतु जो पैसा व जें श्रमदान जमेल त्याचा कांहीं भाग देवमंदिराच्या कुंपणाबाहेर खर्च व्हावा अशी आमची सूचना आहे. वस्तींतली एखादी बुजलेली विहीर उपसावी, छपरावरचें पावसाचें पाणी जमिनींत मुरविण्याची सोय करावी, गल्लींतलें एक तुंबणारें गटार कायमचें दुरुस्त करवून घ्यावें, व त्यासाठीं नगरपालिकेकडे अर्ज करतांना सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या. काम लहान असावें, पण तें दरवर्षीं तपासलें जावें. त्यासाठीं तरुण मंडळानें व मातामंडळानें प्रत्येकीं दोन माणसें नेमून द्यावीं.

पुढची ज्युबिली येईल तेव्हां ही स्मरणिका कपाटांत असेल किंवा नसेल. पण त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या शेजारणीस जर सांगतां आलें कीं ही चर्चच्या मंडळींनीं ज्युबिलीच्या वर्षीं उपसून दिली, तर आमच्या धर्मग्रामाचा इतिहास योग्य ठिकाणीं लिहिला गेला असें आम्ही समजूं. परमेश्वर या कामास आशीर्वाद देवो.