काँगोकाठचे शहर आणि एका विषाणूची वंशावळ

श्रोतेहो, बारा कोसांवर भाषा बदलते असे आपल्याकडे म्हणतात. माणसे एका मुलखातून निघून दुसरीकडे स्थिरावली, की एकदोन पिढ्यांत त्यांच्या बोलीचा ढंग पालटतो. जाणकार मग नुसते बोलणे ऐकून सांगतो, की हे घराणे मूळचे कुठले.

विषाणूंचेही काहीसे असेच आहे. एड्स ज्याच्यामुळे होतो तो एच. आय. व्ही. हा विषाणू आपली नक्कल काढताना पुष्कळ चुका करतो, आणि त्या चुका पुढच्या पिढ्यांत उतरतात. त्या ताडून पाहिल्या, की त्याची वंशावळ मांडता येते. या वंशावळीत माणसांच्या प्रवासाचा इतिहास दडलेला आहे. तो आज एका शहरापुरता पाहू.

ते शहर म्हणजे आफ्रिकेतले किन्शासा. बेल्जियमच्या अमदानीत त्याला लिओपोल्डव्हिल म्हणत. १९६६ साली नाव बदलले. तेथे १९५९ साली घेतलेला रक्ताचा एक नमुना आणि १९६० सालचा, मेणात जपून ठेवलेला शरीराच्या गाठीचा एक तुकडा, या दोहोंत पुढे हा विषाणू सापडला. तो नुकताच आलेला असता, तर दोन्ही नमुने सारखे निघायला हवे होते. पण त्यांच्यात बराच फरक होता. म्हणजे त्यांचा मूळ पुरुष कितीतरी जुना! २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो १९२० च्या सुमारास याच शहरात होता असे दाखवले. त्याआधी तो आग्नेय कॅमेरूनमधील चिंपांझींकडून माणसात आला, आणि बहुधा नदीवाटेने इथवर पोचला.

पण तो इथेच का फोफावला? नकाशा पाहा. किन्शासाच्या खाली काँगो नदीत धबधबे आणि खडक आहेत, नावा चालत नाहीत. म्हणून १८९८ साली समुद्राकडच्या मटाडी बंदरापासून इथवर लोहमार्ग झाला. वरच्या अंगाने नदीची वाहतूक, खालच्या अंगाने आगगाडी, असे हे मोठे नाके बनले. दूर दक्षिणेला कटांगात तांब्याच्या खाणी होत्या. तिकडेही रेल्वे गेली. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे रेल्वेने या शहरातून जात-येत होती.

शहरात कामाला हवे होते ते तरुण पुरुष. बायकामुले मागे गावी. पुरुष फार आणि स्त्रिया थोड्या, अशा वस्तीत देहविक्रय वाढला. नीट न उकळलेल्या सुया अनेकांना टोचल्यानेही रोग पसरला असावा, असे काही संशोधक मानतात.

विषाणू तिथे सर्वांत जास्त काळ राहिला, म्हणून त्याचे प्रकारही तिथेच सर्वांत जास्त. १९९७ साली घेतलेल्या नमुन्यांत जवळजवळ सगळे उपप्रकार आढळले. शिवाय एकाच माणसाच्या शरीरात दोन उपप्रकार गाठ पडून तयार झालेले संकरही होते.

कणगीतून मूठभर बी दुसऱ्या गावी नेले, की तिथे त्या मुठीतलेच वाण उगवते. तसेच इथे झाले. १९६० साली काँगो स्वतंत्र झाल्यावर तेथे फ्रेंच जाणणारे शिक्षक, डॉक्टर हैतीहून कामाला गेले. त्या ये-जा करणाऱ्यांबरोबर ‘बी’ उपप्रकार हैतीत पोचला आणि तेथून अमेरिकेत, युरोपात पसरला. ‘सी’ उपप्रकार खाणींच्या मुलखातून दक्षिण आफ्रिकेच्या भागात वाढला. आपल्याकडे १९८६ साली मद्रासेत पहिली नोंद झाली. आजही भारतात बहुतेक ठिकाणी, मुंबईतसुद्धा, या ‘सी’चेच प्राबल्य आहे.

मग दोष प्रवाशांचा म्हणायचा का? नाही, मंडळी. माणूस पोटासाठी पूर्वीपासून हिंडत आला आहे. रोगाला बळ दिले ते ज्या रीतीने त्याला हिंडवले त्या रीतीने : संसार मोडून नेणारी मजुरी, दाटीची बिऱ्हाडे, अस्वच्छ सुई आणि उपचारांची वानवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना हा इतिहास सांगाल तेव्हा एवढे जरूर सांगा. आपल्या गावांतूनही माणसे मुंबईला, सुरतेला, ऊसतोडीला जातात. परतलेल्याकडे संशयाने बघू नये. रक्ताची तपासणी करून घ्यावी. सरकारी औषधोपचार २००४ पासून मोफत आहेत. औषधे नियमित घेऊन विषाणू रक्तात न आढळण्याइतका दबला, की लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. वाट कुणाला बंद करता येत नाही. वाटेवरच्या माणसाची काळजी मात्र घेता येते.