झेंडावंदनाची कुळकथा

पंधरा ऑगस्टला झेंड्याची घडी नीट घालता येणारा माणूस प्रत्येक शाळेत एखादाच असतो, आणि बहुतेक तो शिपाईच असतो. घडीत गुलाबाच्या पाकळ्या भरायच्या, झेंडा वर जाईपर्यंत टिकेल आणि एका हिसक्याला सुटेल अशी सरकगाठ मारायची, दोरी खांबाला गुंडाळून ठेवायची. गाठ अडली की पाहुणे वर बघत राहतात, मुख्याध्यापकांना घाम फुटतो आणि राष्ट्रगीत म्हणायला उभी असलेली मुलं खुदखुदतात. हा सोहळा आता इतका सरकारी झालाय की त्याचं मूळ एखाद्या परिपत्रकात असेल असंच कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात ते सरकारी हुकूम मोडण्यात आहे, आणि हुकूम मोडला गेला तो नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये.

१९२१ मध्ये विजयवाड्याला पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढे झेंड्याचा आराखडा ठेवला. त्यात फेरफार होऊन पांढरा, हिरवा, लाल असे पट्टे आणि त्यांवर चरखा, असा खादीचा झेंडा तयार झाला. काँग्रेसने तो रीतसर ठराव करून स्वीकारलेलाही नव्हता. सभेच्या मांडवात लावायचा, प्रभातफेरीत धरायचा, एवढीच त्याची मातब्बरी. त्यासाठी कुणी तुरुंगात जाईल असं १९२२ साली म्हटलं असतं तर लोक हसले असते.

ठिणगी पडली जबलपुरात. तिथल्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर हा झेंडा लावला, तेव्हा गोष्ट थेट लंडनच्या पार्लमेंटात गेली आणि सरकारने असे झेंडे लावायला बंदी केली. मार्च १९२३ मध्ये पंडित सुंदरलाल झेंडा घेऊन निघाले, पकडले गेले, सहा महिन्यांची शिक्षा भोगायला गेले. जबलपूर मध्य प्रांतात, आणि प्रांताची राजधानी नागपूर. लढा राजधानीत आणावा असं ठरलं. जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, १३ एप्रिलला, नागपुरात मिरवणूक निघाली, आणि १ मेपासून सत्याग्रह रीतसर सुरू झाला.

इथे नागपूरचा भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. मधे सीताबर्डीची टेकडी. तिच्या एका अंगाला भोसल्यांचं जुनं शहर, महाल, इतवारी. दुसऱ्या अंगाला साहेबांचे बंगले, कचेऱ्या, चर्च, म्हणजे सिव्हिल लाइन्स. टेकडीवरच्या किल्ल्यावर १८१७ च्या लढाईनंतर युनियन जॅक चढला तो तसाच होता. सरकारचं म्हणणं मोठं मासलेवाईक होतं: शहरात झेंडा मिरवा, आमची हरकत नाही, सिव्हिल लाइन्समध्ये आणू नका. १४४ कलम लावलं ते तेवढ्याच हद्दीपुरतं. मला तर वाटतं, या हुकुमानेच त्या कापडाला झेंडा केलं. सगळीकडे बंदी असती तर तो एक राजकीय तंटा ठरला असता. अमुक एका रस्त्यावर तुमचं निशाण चालणार नाही म्हटल्यावर तो रस्ता कुणाचा, हा प्रश्न आपोआप उभा राहिला.

रोज एक लहानशी तुकडी झेंडा घेऊन निघे, हद्दीवर पोलीस अडवत, पकडत, खटला, शिक्षा. दुसऱ्या दिवशी पुढची तुकडी. गांधीजी येरवड्याला तुरुंगात होते. चौरीचौऱ्यानंतर आंदोलन थंडावलेलं, आणि कौन्सिलात जावं की न जावं यावरून काँग्रेस दुभंगलेली. अशा वेळी कार्यकर्त्यांना करण्याजोगं काम मिळालं, हेही या सत्याग्रहाच्या जोराचं एक साधं कारण होतं.

पुढारी होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. जूनमध्ये त्यांना पकडलं. सक्तमजुरी झाली, वर तीन हजार रुपये दंड. दंड भरायचा नाही हे ठरलेलंच होतं, म्हणून सरकारने त्यांची मोटार आणि घोडागाडी जप्त केली. लिलाव पुकारला तर नागपुरात बोली लावायला माणूस मिळेना! अखेर त्या काठेवाडात नेऊन विकाव्या लागल्या, असं जमनालालजींच्या चरित्रात येतं. झेंड्यामागे न चाललेली, तुरुंगात न गेलेली कितीतरी माणसं लिलावाला गप्प बसून या लढ्यात सामील झाली. मोर्चापेक्षा मला हे गप्प बसणं जास्त बोलकं वाटतं, कारण स्वस्तात मिळणारी मोटार सोडणं सोपं नसतं.

जमनालालजींनंतर वल्लभभाई पटेल आले. ‘सरदार’ ते अजून व्हायचे होते. बाहेरप्रांतांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या येऊ लागल्या, पकडलेल्यांचा आकडा दीड हजाराच्या वर गेला. विनोबा आत गेले, सुभद्राकुमारी चौहान गेल्या. गुजरातचा, कर्नाटकचा तरुण नागपूरच्या एका रस्त्यासाठी शिक्षा घेतोय, आणि त्या रस्त्यावर त्याचा ना बंगला, ना कचेरी. फ्रान्सच्या अर्नेस्ट रेनाँने १८८२ च्या व्याख्यानात मांडलं होतं, की वंश, भाषा किंवा धर्म यांच्याने राष्ट्र बनत नाही. मिळून सोसलेलं आणि पुढेही एकत्र राहण्याची इच्छा, यांच्याने बनतं. डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात या रेनाँचा आधार घेतला आहे. त्याचा अर्थ नागपूरच्या तुरुंगात पुस्तक न उघडताही कळत होता.

अर्थात, सगळेच टिकले नाहीत. तुरुंगातले हाल सोसेनात म्हणून बऱ्याच जणांनी माफीनामे लिहून दिले. हुबळीहून आलेल्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या तुकडीने मात्र नकार दिला. झेंडावंदनाची खरी नाळ इथे आहे. या शिस्तीवर काँग्रेसवाले खूश झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात काकिनाड्याला हर्डीकरांचं हिंदुस्थानी सेवा दल उभं राहिलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी जमायचं, झेंडा चढवायचा, सलामी द्यायची, हा पाठ सेवा दलानेच घालून दिला. शाळेच्या मैदानावरची ‘सावधान’ तिथून आली.

१८ ऑगस्टला शंभरेक स्वयंसेवकांची मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली आणि सत्याग्रह संपला; कैदी सप्टेंबरात सुटले. परवानगी घेऊन गेली की न घेता, यावर दोन्ही बाजू नंतर भांडत राहिल्या. दोघांनाही आपण जिंकलो असं म्हणायचं होतं.

त्याच नागपुरात दोन वर्षांनी, १९२५ च्या दसऱ्याला, डॉ. हेडगेवारांनी संघ काढला आणि भगवा ध्वज गुरुस्थानी ठेवला. राष्ट्र कशाचं बनतं याची दोन उत्तरं एका शहरात, दोन वर्षांच्या अंतराने पुढे आली, आणि त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. झेंडाही बदलत गेला: १९३१ मध्ये केशरी, पांढरा, हिरवा, आणि रंग धर्मांचे नाहीत असा खुलासा, २२ जुलै १९४७ ला चरख्याच्या जागी अशोकचक्र. त्यासाठीच्या समितीत आंबेडकरही होते.

गंमत पुढेच आहे. ज्याच्यासाठी माणसं तुरुंगात गेली तो झेंडा स्वतंत्र देशात सामान्य माणसाला ठरावीक दिवस सोडून लावता येत नव्हता. नवीन जिंदल कोर्टात गेले, २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झेंडा लावणं हा नागरिकाचा अभिव्यक्तीचा हक्क ठरवला. २०२१ च्या अखेरीस पॉलिएस्टरचा झेंडाही चालेल असं झालं.

सिव्हिल लाइन्स मात्र आजही कचेऱ्यांचीच आहे. हिवाळी अधिवेशनात विधानभवनाकडे निघालेले मोर्चे टेकडी रोडला नाहीतर मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवले जातात. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीत नोंद मागायला आलेल्या गोवारींचा मोर्चा तिथे अडला आणि चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची मागणी मान्य केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गोवारींचे मोर्चे अजून निघतात.