डिशवॉशरमध्ये सिंकचं घाण पाणी परत येतंय? ड्रेन पाइप नीट कसा लावायचा

रात्री भांडी चकाचक निघाली, दार लोटून सगळे झोपले. सकाळी मशीन उघडलं तर तळाशी राखाडी, तेलकट पाणी साचलेलं आणि त्यात तांदळाचे दोन-चार दाणे. मशीन तर रात्रीपासून बंदच होतं. मग हे पाणी आलं कुठून?

ते मशीनचं नाहीच. सकाळी कोणीतरी सिंकमध्ये तांदूळ धुतले, ते पाणी ड्रेन पाइपमधून उलटं मशीनमध्ये गेलं. घरात डिशवॉशर आईबाबा वापरत असतील, पण असं काही झालं की फोन तुम्हालाच येतो. म्हणून ही सगळी भानगड एकदा नीट समजून घ्या. बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं, पाइप चुकीचा लावलेला असतो.

आधी खात्री करा: पाणी खरंच उलटं येतंय का?

फिल्टर काढल्यावर खालच्या खड्ड्यात थोडंसं स्वच्छ पाणी दिसणं नॉर्मल आहे. पंपाची रबर सील कोरडी पडू नयेत म्हणून ते तिथे राहतंच. काळजी करायची ती गढूळ, वास मारणाऱ्या किंवा फिल्टरच्या वर आलेल्या पाण्याची.

पण गढूळ पाणी दोन कारणांनी दिसू शकतं. एक, मशीनने स्वतःचंच पाणी पूर्ण बाहेर फेकलं नाही. दोन, बाहेरचं पाणी आत आलं. या दोन्हींवर उपाय वेगळे आहेत, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला फोन लावण्याआधी ही टेस्ट करा. मशीनचा स्विच बंद करा. फिल्टर काढून खालच्या खड्ड्यातलं पाणी स्पंजने टिपून घ्या. सिंकला जाळी लावून अर्ध्याच्या वर पाणी भरा आणि मग एकदम सोडा. कोणालातरी फोनचा टॉर्च धरून मशीनच्या तळाचा व्हिडिओ काढायला सांगा. सिंक रिकामं होताना खड्ड्यात पाणी चढलं तर बाहेरचं पाणी आत येतंय, हे पक्कं. खड्डा कोरडाच राहिला तर मशीनचा पंप, फिल्टर किंवा दुमडलेला पाइप तपासा.

एरर कोडवर इथे फार विसंबू नका. बॉशमध्ये ई २४ किंवा ई २५, एलजीमध्ये ओई असे कोड येतात, पण ते पाणी बाहेर जात नसल्याचे कोड आहेत. मशीन बंद असताना पाणी आत शिरलं तर ते सांगणार कोण? त्यातून बहुतेक मशीन सायकल सुरू करताना आधी काही सेकंद पंप चालवून आतलं पाणी फेकून देतात. त्यामुळे हा प्रॉब्लेम महिनोन् महिने लपून राहू शकतो आणि घरचे म्हणत राहतात, 'हल्ली भांड्यांना जरा वास येतोय.'

असं होतं का?

साधं कारण. मशीनचा तळ जवळजवळ जमिनीला टेकलेला असतो. सिंकखाली पाइप जोडायची जागा त्याच्यापेक्षा दीड-दोन फूट वर असते. ड्रेन पाइप जमिनीवरून सरपटत नेऊन सिंकच्या पाइपला जोडला, की सिंकमधल्या पाण्याला उताराची मस्त वाट मिळते. सिंकखालची लाइन मोकळी असेल तोवर बरंचसं पाणी सरळ खाली जातं. लाइन थोडी जरी तुंबली की पाणी वर चढतं आणि मिळेल त्या वाटेने मशीनकडे वळतं.

मशीनमध्ये पंपाजवळ एक छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप. तो पाणी अडवतो, पण त्यात मेथीची काडी, टूथपिक किंवा मोहरीचे दाणे अडकले की झडप अर्धवट उघडी राहते. त्या एका झडपेच्या भरवशावर राहणं म्हणजे दाराला नुसती कडी लावून गावाला जाणं.

पाइप आधी वर, मग खाली

यालाच इंग्रजीत हाय लूप म्हणतात. मशीनमधून निघालेला पाइप थेट जोडायचा नाही. तो आधी ओट्याच्या खालच्या बाजूला जवळजवळ टेकेल इतका वर न्यायचा, तिथे पक्का बांधायचा आणि मग खाली आणून सिंकच्या पाइपला जोडायचा. आता सिंकचं पाणी मशीनकडे यायचं तर त्याला आधी तो डोंगर चढावा लागेल. पाणी आपली पातळी सोडून वर चढत नाही, त्यामुळे ते अडतं.

बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ड्रेन पाइपची उंची किमान ४० सेंटीमीटर आणि कमाल १ मीटरच्या आसपास दिलेली असते. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या, पीडीएफ कंपनीच्या साइटवर मिळते. कमाल मर्यादाही महत्त्वाची आहे. पाइप फार वर नेला किंवा जोड देऊन लांबवला, तर पंपाला पाणी ढकलणं जड जातं. काही मशीनच्या मागे पाइप कंपनीनेच वर नेऊन क्लिपमध्ये अडकवलेला असतो. तो मोकळा करू नका, पाइप कमी पडतोय म्हणून तर अजिबात नाही.

कागदावर सोपं वाटतं, पण आपल्याकडच्या किचनमध्ये खरी अडचण बांधायची असते. ओट्यावर ग्रॅनाइट, खाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या. स्क्रू मारणार कुठे? कडप्प्याला ड्रिल लावताना हात जड पडला तर फळी तडकते. प्लायची साइड असेल तर प्रश्न नाही, क्लिप आणि दोन छोटे स्क्रू पुरतात. कडप्पा असेल तर मागच्या भिंतीत ड्रिल करून क्लिप बसवा, पण पाण्याची आणि विजेची लाइन कुठून गेली आहे ते आधी बघा. चिकटणारे हुक शक्यतो नकोत. सिंकखाली ओल आणि वाफ असते, चार-सहा महिन्यांत हुक सुटतो, पाइप खाली पडतो आणि सकाळी पुन्हा तेच पाणी. पाइप नेमका ट्रॉलीच्या मागून जात असेल तर ट्रॉली पूर्ण आत ढकलून बघा. ट्रॉली पाइपला दाबत असेल तर तो दुमडतो आणि मशीनचं पाणी बाहेरच जात नाही. वळणही गोलसर ठेवा, टोकदार नको.

जोड कुठे द्यायचा तेही बघा. पाइप ट्रॅपच्या आधी, म्हणजे सिंकच्या बाजूला जोडायचा. ट्रॅपमध्ये साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. त्याच्या पुढे जोड दिला तर तो वास थेट मशीनमध्ये येईल. डिशवॉशरसाठी वेगळं तोंड असलेला बॉटल ट्रॅप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ते तोंड नवीन असताना बऱ्याचदा आतून बंद असतं, ते कापून उघडावं लागतं. कापायचं राहिलं तर पहिल्याच दिवशी मशीन पाणी बाहेर जात नसल्याची एरर देतं आणि सगळे मशीनला शिव्या घालतात.

एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. लूप ओट्याच्या खाली असतो आणि सिंकचा काठ ओट्याच्या लेव्हलला. लाइन पूर्ण तुंबली आणि सिंक काठोकाठ भरलं, तर पाण्याची पातळी लूपच्या वर जाते. एकदा का ते डोंगर ओलांडून आलं की बरंच पाणी मशीनमध्ये येऊ शकतं. म्हणजे हाय लूप रोजच्या त्रासावर पुरेसा आहे, तुंबलेल्या सिंकमध्ये पाणी सोडत राहायचं लायसन्स नाही.

ड्राय बाल्कनीत मशीन असेल तर

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे फार कॉमन आहे. किचनमध्ये जागा नाही, म्हणून डिशवॉशर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी, आणि ड्रेन पाइप जमिनीवरून थेट नाहणी ट्रॅपमध्ये खुपसलेला. इथे दोन वेगळे घोळ होतात.

पहिला घोळ सायफनचा. पेट्रोलच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढतात तोच प्रकार. पाइप पाण्याने पूर्ण भरलेला आणि त्याचं तोंड मशीनमधल्या पाण्यापेक्षा खाली असेल, तर पंप बंद झाल्यावरही पाणी आपोआप ओढलं जातं. मशीन भरतंय, पाणी जातंय, मशीन पुन्हा भरतंय. भांडी नीट निघत नाहीत, पाणी वाया जातं. नाहणी ट्रॅप तुंबला आणि पाइपचं तोंड त्यात बुडालेलं असलं, तर तेच घाण पाणी उलट दिशेने मशीनकडेही येऊ शकतं. आणि लक्षात घ्या, नुसता लूप केल्याने सायफन तुटत नाही. भरलेल्या पाइपमधून पाणी डोंगर ओलांडूनही खाली जातं. सायफन तोडायला हवा लागते.

म्हणून इथे सगळ्यात चांगला उपाय म्हणजे उभा पाइप. नाहणी ट्रॅपवरून साधारण दोन फूट उंच, दीड इंची पीव्हीसी पाइप भिंतीला धरून उभा करायचा आणि ड्रेन पाइपचं टोक वरून त्याच्या तोंडात अडकवायचं. टोक वितभरापेक्षा जास्त आत नको, आणि आजूबाजूला हवा जायला जागा राहिलीच पाहिजे. एम-सील लावून फट बुजवायची नाही! प्लंबर 'वास येईल' म्हणून नेमकं तेच करतो. खाली नाहणी ट्रॅपमध्ये पाणी असेल तर वास येत नाही. या जोडणीत ट्रॅप तुंबला तर पाणी आधी बाल्कनीच्या फरशीवर येईल. चिडचिड होईल, पण भांड्यांपर्यंत ते पोहोचणार नाही.

दुसरा घोळ वाय जोडचा. वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरचे पाइप एकाच वाय जोडात अडकवून पुढे एकच बारीक पाइप. वॉशिंग मशीनचा पंप जोरात पाणी फेकतो, पुढे वाट अरुंद, मग ते शेजारच्या फांदीत घुसतं. म्हणजे मोज्यांचं पाणी कुकरच्या भांड्यात. दोघांना वेगवेगळे उभे पाइप द्या. अगदीच जागा नसेल तर दोन्ही टोकं सैल बसतील असा रुंद पाइप घ्या.

झडप विकत घेऊन लावली तर?

ऑनलाइन स्वस्तात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मिळतात आणि रीलमध्ये एका मिनिटात लावूनही दाखवतात. लावायला हरकत नाही. बाण पाणी जायच्या दिशेला ठेवायचा, आणि पाइप व व्हॉल्व्हचा व्यास आधी मोजून घ्यायचा. पण डिशवॉशरच्या पाण्यात अन्नाचे कण असतात, तेच याही झडपेत अडकतात. हाय लूपमध्ये हलणारा भागच नाही, म्हणून तो बिघडत नाही. व्हॉल्व्ह लावायचा तर लूपच्या जोडीला, लूपच्या ऐवजी नाही.

मशीनमधला व्हॉल्व्ह काही मॉडेलमध्ये फिल्टर आणि पंपाचं झाकण काढलं की दिसतो. प्लग काढून ठेवल्याशिवाय तिथे हात घालू नका. फुटलेल्या ग्लासचे तुकडे तिथेच जाऊन बसतात, त्यामुळे आधी टॉर्चने बघा.

लाइनच तुंबत असेल तर

हे सगळं करूनही सिंक सारखं भरत असेल तर मूळ दुखणं खालच्या लाइनमध्ये आहे. तूप, डालडा, तळणीचं तेल गरम असताना वाहून जातं आणि पुढे पाइपमध्ये थिजतं. कढई मशीनमध्ये किंवा सिंकमध्ये टाकण्याआधी कागदाने पुसून घ्या, यापेक्षा स्वस्त उपाय नाही. डिशवॉशर जोडलेल्या सिंकमध्ये अ‍ॅसिड किंवा कॉस्टिकचं ड्रेन क्लीनर ओतू नका. लाइन तुंबलेलीच असते, त्यामुळे ते मशीनकडे वळू शकतं आणि रबर खराब करू शकतं. ओतायचंच असेल तर ड्रेन पाइप आधी काढून तोंड बंद करा.

खालच्या मजल्यावर राहत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. सिंक वापरलं नसतानाही त्यात पाणी वर येत असेल, तर ते वरच्या मजल्यांचं पाणी आहे. बिल्डिंगची किचनची उभी लाइन तुमच्याखाली कुठेतरी तुंबली आहे. तुमच्या प्लंबरने सिंकखाली कितीही खटपट केली तरी हे सुटणार नाही. व्हिडिओ काढा, वेळ नोंदवा आणि सोसायटीला लेखी कळवा. पावसाळ्यात चेंबर भरल्यावर तळमजल्यावर हेच होतं, आणि तिथे लाइनवरच बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

घाण पाणी आत येऊन गेलं असेल तर

आत भांडी असतील तर ती परत धुवायचीच, 'वरची तर स्वच्छ दिसतायत' चालणार नाही. बाळाच्या बाटल्या असतील तर धुऊन पुन्हा उकळा. मशीन रीसेट करून पाणी बाहेर काढा. बऱ्याच मॉडेलमध्ये स्टार्ट बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की हे होतं. फिल्टर घासून धुवा, दाराच्या खालच्या रबराची घडी पुसा. मग रिकामं मशीन सगळ्यात गरम प्रोग्रामवर डिटर्जंट घालून एकदा चालवा. ब्लीच वापरू नका, आतलं स्टील खराब होतं. पण हे सगळं पाइप दुरुस्त झाल्यावर. आधी केलं तर उद्या परत करावं लागेल.

अमेरिकेत राहणाऱ्या ताई-दादांसाठी: सिंकच्या काठावर नळाशेजारी स्टीलची छोटी टोपी दिसत असेल तर ती शोभेची नाही. तो एअर गॅप आहे. पाणी तिथे उघड्या हवेतून पडून पुढे जातं, त्यामुळे सिंक भरलं तरी उलटं येऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात तो प्लंबिंगच्या नियमातच आहे. त्या टोपीतून ओट्यावर पाणी येत असेल तर टोपी बंद करू नका, तिच्यापुढचा पाइप तुंबलाय. आणि सिंकखाली नवीन डिस्पोजर बसवल्यावर डिशवॉशरचं पाणी जायचं थांबलं असेल, तर डिस्पोजरच्या बाजूच्या तोंडातला प्लॅस्टिकचा बूच आत पाडायचा राहिलाय का ते बघा.