खय व्हरूचा? अपघात, दवाखाना आणि मधला रस्ता

पीएचडीचा विषय सांगितला की गावात हमखास प्रश्न येतो, "रस्त्याचो कसलो इतिहास?" तेव्हा मी मामाची गोष्ट सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी कसाल-मालवण रस्त्यावर एका गाडीने मामाच्या मोटारसायकलला उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रक्त थांबेना. माणसं जमली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "खय व्हरूचा?" म्हणजे न्यायचं कुठे? नेणार कोण, हा दुसरा प्रश्न मात्र कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. शेवटी मासळीचा एक टेम्पोवाला थांबला. बर्फाच्या क्रेटशेजारी मामाला आडवं करून त्याने दवाखान्यात पोचवलं आणि नाव न सांगता निघून गेला. "पोलिसांचा लचांड नको," एवढंच म्हणाला. मामा वाचला.

कुठे न्यायचं आणि कोणी न्यायचं, या दोन प्रश्नांचा इतिहास वेगवेगळा आहे. आज तोच सांगते.

पहिला प्रश्न भूगोलाचा. आपल्या किनाऱ्याला खाड्यांनी जागोजागी कापलंय. पूल होण्याआधी कर्ली किंवा कालावलची खाडी ओलांडायची तर तरीची वाट बघायची. आडगावातून जखमी माणूस निघायचा तो डोलीतून नाहीतर खाटेवरून. मुंबईच्या आगबोटी पावसाळ्यात बंद. वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचं सेंट ल्यूक्स रुग्णालय होतं. तिथल्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. रुग्णालय नावाजलेलं, पण मालवणहून तिथे जायचं तरी मध्ये कर्ली आहेच.

दक्षिणेला पणजीत तर १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती. पण १९६१ पर्यंत तो पोर्तुगीजांचा मुलूख. तिथून पुढे चित्र पालटलं. याच शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, ते पुढे बांबोळीला गेलं आणि मोठा अपघात झाला की "बांबोळीक व्हरा" हे आपल्याकडे ठरूनच गेलं. मालवणहून साधारण शंभर किलोमीटर! १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. तोवर आपलं जिल्ह्याचं ठिकाण रत्नागिरी होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तरी बांबोळीची वाट काही सुटली नाही. म्हणूनच जानेवारी २०१८ पासून तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२१ उजाडलं.

आता दुसरा प्रश्न. हा कायद्याचा आहे, आणि मला जास्त अस्वस्थ करतो तो हाच.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात जखमीला उपचार मिळवून द्यायची जबाबदारी टाकली होती ती गाडीच्या चालकावर. पण दवाखान्याने घेतलंच नाही तर? "ही पोलीस केस आहे, आमच्याकडे होत नाही," हे वाक्य जुन्या माणसांना नवं नाही. असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं. वाटेवरच्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. अशा केसेस घ्यायचा आम्हाला अधिकार नाही, असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी त्याला २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं. तो वाटेतच गेला. परमानंद कटारा यांच्या या याचिकेवर २८ ऑगस्ट १९८९ ला निकाल लागला: आधी जीव वाचवा, कागद नंतर; आणि हे सरकारी-खासगी सगळ्याच डॉक्टरांना लागू. १९९४ च्या दुरुस्तीने डॉक्टरांचं हे कर्तव्य मोटार वाहन कायद्यातही आलं.

म्हणजे बघा, चालक झाला, डॉक्टर झाला. मधला टेम्पोवाला? त्याचा विचार कुणीच केला नव्हता. महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली २६ जानेवारी २०१४ ला, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. त्याआधी आपल्याकडचे जखमी कितीदा तरी रिक्षा, जीप, टेम्पोतूनच गेले. आणि ज्यांनी नेलं, त्यांना पंचनाम्याची, साक्षीची आणि कोर्टाच्या खेपांची धास्ती. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या, तेव्हा कुठे स्पष्ट झालं: जखमीला पोचवणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, त्याला अडवून ठेवायचं नाही, त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीत हे संरक्षण कायद्यात आलं. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हणून व्याख्याही मिळाली: तत्काळ उपचारांनी मृत्यू टळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते तो तास.

आरोग्याचा इतिहास आपण बहुधा इमारतींवरून मोजतो. रुग्णालय कधी झालं, खाटा किती. पण जखमी माणूस इमारतीपर्यंत पोचेपर्यंतचा वेळ इतिहासात कुठे येतच नाही. तो वेळ पिढ्यान्‌पिढ्या वाटसरूंनी सांभाळला, आणि त्यांच्याकडे संशयाने बघू नका हे सांगायला कायद्याला १९३९ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे ७७ वर्षं लागली.

वाटेत कधी अपघात दिसला तर १०८ लावा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर जखमीला जपून, जवळच्या दवाखान्यात पोचवा. नाव सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

२०१६ च्या निकालाचं मी मामाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मगे तो थांबलो असतो." त्या टेम्पोवाल्याचं नाव मामाला अजूनही माहीत नाही.