मोहोरबंद दप्तर : एपस्टीन प्रकरणातील कागदांची वीस वर्षे

मार्च २००५. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील पाम बीच हे धनिकांचे गाव. तेथील पोलिसांकडे १४ वर्षांच्या एका मुलीच्या घरच्यांनी फिर्याद नोंदवली. मालिश करण्याच्या कामाचे निमित्त सांगून मुलीला एका हवेलीत नेले, तिच्याशी लैंगिक दुर्वर्तन केले आणि वर हातात पैसे ठेवले, अशी ती फिर्याद होती. हवेलीच्या मालकाचे नाव जेफ्री एपस्टीन.

‘एपस्टीन फाइल्स’ हे शब्द आज जगभर ऐकू येतात, आणि ते ऐकताना कुठेतरी तळघरात दडवलेली एखादी गुप्त पेटी डोळ्यांपुढे उभी राहते. प्रत्यक्षात अशी एक पेटी कधीच नव्हती. होती ती निरनिराळ्या कचेऱ्यांतील दप्तरे : गावच्या पोलिसांचे, राज्याच्या सरकारी वकिलांचे, केंद्रीय तपासयंत्रणेचे, दिवाणी न्यायालयांचे. कोणता कागद केव्हा लिहिला गेला, तो कोणी मोहोरबंद केला आणि कोणी उघडायला लावला, या क्रमाने पाहिले तरच हे प्रकरण उलगडते.

आरंभ पोलिसांच्या दप्तरापासून. तपासाची सूत्रे गुप्तहेर जोसेफ रिकॅरी यांच्याकडे होती आणि पोलिसप्रमुख होते मायकल रायटर. एका मुलीच्या जबानीतून दुसरीचे नाव निघाले, दुसरीच्या जबानीतून तिसरीचे. मुली बहुतेक शाळकरी, बेताच्या परिस्थितीतल्या. हवेलीत गेलेल्या मुलीला साधारण २०० डॉलर मिळत आणि मैत्रिणीला घेऊन आल्यास आणखी पैसे. ज्या मुलीचे शोषण झाले, तिलाच पुढच्या मुलीसाठी मध्यस्थ बनवणारी ही पद्धत होती. पुढे कायद्याच्या चर्चेत याच मुलींकडे संशयाने पाहिले गेले, त्याचे बीज येथे आहे.

पोलिसांनी हवेलीतून बाहेर पडणारा कचराही तपासला. त्यात टेलिफोनवरचे निरोप टिपून ठेवलेल्या चिठ्ठ्या सापडल्या : मुलींची नावे, येण्याच्या वेळा. २० ऑक्टोबर २००५ रोजी हवेलीची झडती झाली, तेव्हा अशा निरोपवह्यांच्या कार्बन प्रतीही हाती लागल्या. संगणकांचे पडदे मात्र जागेवर होते आणि मूळ यंत्रे आधीच हलवलेली होती. ती यंत्रे तपासयंत्रणेच्या ताब्यात त्या वेळी कधीच आली नाहीत.

इतिहासाच्या अभ्यासकाला या निरोपवह्यांचे मोल वेगळे सांगायला नको. बखर लिहिणाऱ्यासमोर वाचक असतो. रोजचा निरोप टिपणाऱ्या नोकरासमोर तो नसतो. म्हणून मुलींच्या जबान्यांतील दिवस आणि वेळा या चिठ्ठ्यांशी जुळू लागल्या, तेव्हा तो पुरावा भक्कम ठरला.

मे २००६ मध्ये पोलिसांनी अल्पवयीन मुलींशी बेकायदा लैंगिक संबंधांचे आरोप ठेवण्यासाठी प्रतिज्ञापत्र सादर केले. राज्याचे सरकारी वकील बॅरी क्रिशर यांनी थेट आरोप न ठेवता प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे नेले. ग्रँड ज्युरी म्हणजे आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे की नाही हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ. त्याचे कामकाज बंद दाराआड चालते आणि सरकारी वकील जेवढे पुढे ठेवतील तेवढेच त्याला दिसते. पोलिसांनी घेतलेल्या जबान्यांपैकी थोड्याच मुलींच्या साक्षी तेथपर्यंत पोहोचल्या. जुलै २००६ मध्ये एकच आरोप निश्चित झाला : वेश्यागमनासाठी विनवणी केल्याचा. त्यात मुलींच्या वयाचा उल्लेखच नव्हता.

त्या बंद दाराआड काय घडले, हे कळायला १८ वर्षे लागली. फ्लोरिडाने २०२४ मध्ये खास कायदा केला आणि त्या वर्षीच्या १ जुलै रोजी साक्षींची सुमारे १५० पाने खुली झाली. साक्ष द्यायला आलेल्या अल्पवयीन मुलीलाच, आपण गुन्हा केला हे तुला ठाऊक आहे ना, अशा आशयाचा प्रश्न सरकारपक्षाने विचारल्याचे त्यांत दिसते. आरोपीचा वकील असे विचारतो, हे समजण्यासारखे आहे. येथे प्रश्न विचारणारा पक्ष फिर्यादीचा होता. ‘वेश्या’ हा शब्द शाळकरी मुलीच्या नावापुढे सरकारी दप्तरात लागला तो असा, आणि पुढची सगळी कागदपत्रे त्या शब्दाच्या सावलीत लिहिली गेली.

रायटर यांनी क्रिशर यांना पत्र लिहून या प्रकरणातून दूर होण्याचा विचार करावा, असे सुचवले होते. त्याचा उपयोग होत नाही असे पाहून त्यांनी प्रकरण एफबीआयकडे नेले. २००७ मध्ये दक्षिण फ्लोरिडाच्या केंद्रीय सरकारी वकिलांच्या कचेरीत ८२ पानांचे टिपण आणि ५३ पानांच्या आरोपपत्राचा मसुदा तयार झाला. त्या मसुद्यात ६० आरोप होते. तो मसुदा न्यायालयात कधीच दाखल झाला नाही.

त्याऐवजी २४ सप्टेंबर २००७ रोजी एक करार झाला. एपस्टीनने राज्याच्या न्यायालयात दोन आरोप मान्य करायचे आणि केंद्राने खटला भरायचा नाही. त्याच्या संभाव्य साथीदारांवरही, मग ते कोणीही असोत, केंद्राने आरोप ठेवायचे नाहीत, असेही कलम त्यात होते. कचेरीचे प्रमुख होते अलेक्झांडर अकोस्टा. करार गोपनीय ठेवला गेला.

या दप्तरातील सर्वांत बोचरा कागद मात्र हा करार नव्हे. जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे करारावर सह्या होऊन तीन महिने उलटल्यावर, पीडित मुलींना एफबीआयचे पत्र गेले. तपास चालू आहे, त्याला वेळ लागतो, आपण धीर धरावा, असे त्यात म्हटले होते. पीडितांना खटल्याची माहिती मिळण्याचा हक्क देणारा केंद्रीय कायदा २००४ पासूनच अस्तित्वात होता.

३० जून २००८ रोजी एपस्टीनने गुन्हा कबूल केला. शिक्षा १८ महिन्यांची. त्यांपैकी सुमारे १३ महिने तो तुरुंगात होता, आणि त्यातही आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे बारा तासांपर्यंत, स्वतःच्या कचेरीत जाऊन काम करण्याची मुभा. आठवडाभरातच एका पीडितेने केंद्र सरकारविरुद्ध दावा गुदरला. तिचे नाव दप्तरात ‘जेन डो’ असे लागले. नाव गुप्त ठेवायचे असते तेव्हा अमेरिकन न्यायालये हेच टोपणनाव वापरतात, आणि या प्रकरणात ‘जेन डो’ अनेक झाल्या. त्यांना क्रमांक द्यावे लागले.

सप्टेंबर २००९ मध्ये राज्याच्या न्यायालयाच्या आदेशाने तो करार खुला झाला. हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या कराराने २०१८-१९ मध्ये देश हादरला, तो त्याआधी नऊ वर्षे कोणालाही वाचता येत होता. दरम्यान एपस्टीन न्यू यॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळात पुन्हा वावरू लागला होता.

आणखी एका कागदाची कथा चमत्कारिक आहे. एपस्टीनच्या एका माजी घरव्यवस्थापकाने त्याच्याकडची पत्त्यांची वही स्वतःजवळ ठेवली होती. तपासयंत्रणेला ती न देता त्याने २००९ मध्ये पीडितांच्या वकिलाला ५०,००० डॉलरना विकू पाहिली. वकिलाने एफबीआयला कळवले आणि तो पकडला गेला. हीच ती प्रसिद्ध ‘काळी वही’. नावे आणि फोन क्रमांक यांपलीकडे तिच्यात फारसे काही नाही. ज्याचा क्रमांक वहीत आहे तो गुन्ह्यात सामील होता, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. तो मालकाला ओळखत होता, एवढेही दर वेळी सिद्ध होत नाही. वैमानिकांच्या उड्डाणनोंदींवरून फक्त एवढे कळते की अमुक मनुष्य अमुक दिवशी विमानात होता. समाजमाध्यमांवर मात्र वही, उड्डाणनोंदी आणि साक्षी यांची खिचडी करून ‘यादी’ या एकाच नावाने ती फिरवली गेली.

२८ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘मायामी हेरल्ड’मध्ये ज्युली ब्राउन या पत्रकार स्त्रीची लेखमाला सुरू झाली. तिचा पाया जुन्याच कागदांवर होता. पोलिसांच्या अहवालातील मुलींची नावे काळ्या पट्ट्यांखाली होती. उरलेल्या तपशिलांवरून ब्राउन यांनी त्या मुलींचा, म्हणजे आता तिशीत आलेल्या स्त्रियांचा, माग काढला. सुमारे ८० जणींची त्यांना निश्चिती करता आली. काहींनी नाव आणि चेहरा उघड करून बोलायचे ठरवले.

पुढे घटना वेगाने घडल्या. २१ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायाधीश केनेथ मारा यांनी निकाल दिला की, पीडितांना अंधारात ठेवून सरकारने कायदा मोडला. ६ जुलैला एपस्टीनला अटक झाली. १२ जुलैला अकोस्टा यांनी, जे तोवर केंद्रात कामगारमंत्री झाले होते, राजीनामा जाहीर केला. ९ ऑगस्टला जुफ्रे विरुद्ध मॅक्सवेल या दिवाणी दाव्यातील सुमारे २,००० पाने खुली झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एपस्टीन न्यू यॉर्कच्या तुरुंगात मृतावस्थेत आढळला. शासकीय निष्कर्ष आत्महत्येचा आहे.

त्या दाव्याविषयी दोन शब्द. एपस्टीनची निकटची सहकारी गिलेन मॅक्सवेल हिने व्हर्जिनिया जुफ्रे यांना खोटारडे ठरवले, म्हणून २०१५ मध्ये बदनामीचा दावा लागला. २०१७ मध्ये तडजोड झाली, पण तोवर शपथेवरच्या जबान्यांचा ढीग साचला होता आणि तो जवळजवळ सगळा मोहोरबंद होता. अपील न्यायालयाने तो उघडायला सांगताना वाचकांना आणि वृत्तपत्रांना सावधही केले : न्यायालयात दाखल झालेला प्रत्येक कागद सत्य असतोच असे नाही. पक्षकार आपापल्या सोयीचे लिहितात आणि न्यायालयात केलेल्या विधानाबद्दल बदनामीचा दावा सहसा लागत नाही. ऐतिहासिक साधने कशी वाचावीत यावर याहून नेमके भाष्य कायद्याच्या भाषेत क्वचितच सापडेल. जानेवारी २०२४ मध्ये याच दाव्यातील आणखी कागद खुले झाले, तेव्हा तो इशारा बहुतेकांच्या कानांवरून गेला. ज्यांची नावे कागदांत नव्हतीच, त्यांच्याही ‘याद्या’ त्या आठवड्यात पसरल्या.

मॅक्सवेलवर खटला चालला. २९ डिसेंबर २०२१ रोजी ज्युरीने तिला सहापैकी पाच आरोपांत दोषी ठरवले. त्यांत अल्पवयीन मुलीच्या लैंगिक व्यापाराचा आरोपही होता. जून २०२२ मध्ये तिला २० वर्षांची शिक्षा झाली. या संपूर्ण प्रकरणात साक्षीपुरावा पूर्णपणे पारखून घेतलेला फौजदारी खटला हा एवढाच.

सरकारविरुद्ध भांडणारी ती पहिली ‘जेन डो’ मात्र अखेरीस हरली. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने म्हटले की, केंद्राने औपचारिक आरोपच ठेवले नव्हते, तेव्हा त्या कायद्याखाली स्वतंत्र दावा लावता येत नाही. त्याच न्यायालयाने आधीच्या निकालात या घटनाक्रमाला राष्ट्रीय कलंक म्हटले होते. आरोप न ठेवण्याचा करार गुपचूप झाला आणि आरोप ठेवले नाहीत म्हणून तक्रारीचा हक्क गेला. न्याय खात्याच्या चौकशीच्या नोव्हेंबर २०२० मधील अहवालात अकोस्टा यांची निर्णयबुद्धी चुकली, पण गैरवर्तन झाले नाही, असा निष्कर्ष निघाला. कराराच्या वाटाघाटी चालू होत्या त्या काळातील त्यांच्या ई-मेलचा मोठा भाग तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही, हेही त्याच अहवालात नोंदलेले आहे.

जुलै २०२५ मध्ये न्याय खाते आणि एफबीआय यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. आपल्याकडे ३०० गिगाबाइटहून अधिक सामग्री आहे, एक हजाराहून अधिक पीडित आहेत, ‘ग्राहकांची यादी’ सापडलेली नाही आणि यापुढे काही खुले करणे उचित नाही, असे त्यात होते. यावर उठलेल्या वादळातून एक कायदा जन्मला. प्रतिनिधिगृहात १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तो ४२७ विरुद्ध १ मतांनी संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. ३० दिवसांत कागद खुले करावेत. कोणाची अब्रू जाईल, कोणाला राजकीय अडचण होईल या कारणास्तव काहीही झाकू नये. पीडितांची ओळख मात्र झाकता यावी, असा त्याचा आशय.

डिसेंबरपासून कागद येऊ लागले. ३० जानेवारी २०२६ रोजी तीस लाखांहून अधिक पाने एकदम खुली झाली. काही तासांतच पीडितांच्या वकिलांच्या लक्षात आले की, काळ्या पट्ट्या चुकीच्या जागी पडल्या आहेत. वीस वर्षे ‘जेन डो’ म्हणून राहिलेल्या काही स्त्रियांची खरी नावे पानांवर स्वच्छ दिसत होती, आणि इतरत्र पुरुषांची नावे झाकलेली होती. न्याय खात्याने हजारो कागद संकेतस्थळावरून मागे घेतले. तोवर त्यांच्या प्रती अनेकांनी उतरवून घेतल्या होत्या.